कुत्र्यांचा वाटा आणि माझा

आबा, ओढ्याकडच्या आपल्या उसातलं रानडुक्कर विजेच्या तारेनंच मेलं, हे आज सकाळी वनरक्षकानं मला फोनवर सांगितलं. मुंडकं आणि पाय तेवढे सापडले होते. एका पायावर, खुराच्या जरा वर, तारेनं भाजल्याची खूण आहे. गुरांच्या डॉक्टरनं ती तपासून तसं लिहून दिलं. तार आपल्या विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या पेटीतून ओढलेली होती. ती कुणी ओढली एवढंच ठरायचं आहे. शेजारच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवलेल्या धनगरानं ओढली, असा जबाब तुमच्या मुलानं दिला आहे.

काल मी सांगलीच्या विश्रामबागेतून निघून आष्टामार्गे गावी गेले. बातमीसाठी जाते, असं ऑफिसात सांगितलं. धनगर मेंढरांच्या जाळीपाशी घोंगडं टाकून बसला होता. "आवं ताई, रातच्याला माजी कुत्री मोकळी फिरत्यात," तो म्हणाला. "मी तार लावीन व्हय? पयली माजी कुत्रीच मरायची न्हवं?" हे फॉरेस्टच्या साहेबांना सांगितलंस का, असं मी विचारलं. "सांगितलं की. म्हणालं, बागायतदार कशाला खोटं बोलंल? म्हंजे खोटं बोलायला मीच उरलो." पकडून नेलं तर कळप घेऊन बायको एकटी कुठं जाणार, हा त्याचा खरा घोर होता. पुढं तो सहज बोलून गेला, "एक गंमत बघा. मुंडकं घावलं त्याच्या आदल्या दिवशी सकाळी माज्या कुत्र्यांना कुणीतरी जेवाण घातलं हुतं. बांधावर, पळसाच्या पानावर, काळीज! कुत्र्याला कोण काळीज घालतंय वो? खाटीक तर पायाबी टाकत न्हाई." तो हसला. मला हसता आलं नाही.

कुत्र्याला काळीज घालणारा माणूस मी एकच पाहिलेला आहे. मी लहान आहे, शिमगा होऊन गेलाय. तुम्ही शिराळ्याकडच्या डोंगरातून पारध करून आलाय, अंगणात डुक्कर उतरवलंय आणि आई चुलीपुढं मसाला भाजतेय. सगळे वाट बघतायत, तरी तुम्ही आधी पळसाचं पान मागता. काळीज कापून त्यावर ठेवता आणि कुत्र्यांना सोडता. "रगत त्यांनी सांडलं, पयला घास त्यांचा." मग वाटे पडतात. ज्याचा घाव पहिला लागला त्याला मुंडकं, जाळं धरणाऱ्याला मागची मांडी, मग हाकारे घालणारे, ज्याच्या रानात पडलं तो. शेवटी गावातलं एकही चुलाण सुटत नाही. शाळेच्या मास्तरांनासुद्धा वाटा जातो. "मास्तर कवा आलं वो पारधीला?" आई विचारते. तुम्ही हात धूत हसता. "ज्याच्या चुलीवर शिजलं, त्याच्या तोंडाला कुलूप लागतंय. मास्तरचं तोंड लय मोठं हाय." अंगणातली माणसं खदखदून हसतात आणि मीही हसते.

पुढं पेपरात लागल्यावर एकदा रविवारच्या पानासाठी जगभरच्या डुकराच्या शिकारीच्या रिवाजांवर मी लेख लिहिला होता. जर्मनीत मारलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात, तो त्याचा शेवटचा घास. जपानच्या डोंगराळ गावांत रानडुकराच्या काळजाचा तुकडा डोंगराच्या देवाला देतात. त्यांच्या शेजारी मी तुमचं पळसाचं पान लिहिलं, 'आमच्या भागातली एक पद्धत' म्हणून. जनावराचा मान, रानाचं ऋण, गावाचा एकोपा, असे शब्द मी तेव्हा मोकळ्या हातानं वापरले. वाचकांना लेख आवडला. आज तो काढून वाचला तर प्रत्येक रिवाजाचा मला संशय येऊ लागला. डहाळी कुणासाठी असते, मेलेल्यासाठी की बघणाऱ्यांसाठी? आणि तुमचे वाटे, आबा? ते औदार्य होतं की बंदोबस्त? त्या काळी एकदा फॉरेस्टवाले गावात आले होते तेव्हा घरोघर एकाच मसाल्याचा वास होता आणि एकाही घरानं काही पाहिलेलं नव्हतं. मास्तरांनी तर त्यांना चहा पाजला.

हे सगळं मी आजच का उकरतेय, ते सांगते. मुंडकं सापडायच्या आदल्या दिवशी ओळखीच्या कंडक्टरकडून तुमच्या मुलानं मला एसटीतून डबा पाठवला होता. तुम्ही गेल्यावर घरची वाटणी झाली, तेव्हापासून त्यानं मला कोथिंबिरीची जुडीही पाठवली नव्हती. "आक्का, पावण्यांकडं देवाचं हुतं. बोकडाचं मटण हाय, गरम करून खा," असं फोनवर म्हणाला. आवाजात इतकी माया होती की मला भरून आलं. आता वाटतं, गावात वाटे घालून झाल्यावर त्याला आठवलं असेल की मोठ्या तोंडाचं एक माणूस सांगलीत राहतं. काल गावातही कुणी माझ्याशी धड बोललं नाही. चहा मात्र प्रत्येकानं आग्रहानं पाजला.

काल निघताना मी तुमच्या मुलाला सरळच विचारलं, धनगराच्या कुत्र्यांना काळीज कुणी घातलं? तो मोटारीच्या पेटीला नवं कुलूप लावत होता. मान वर न करता म्हणाला, "डबा आवडला न्हवं?"

बोकड सोलतात, त्याच्या मटणाला जाड चामडी असत नाही; ती डुकराच्या मटणाला असते. तुमच्या मुलीला हे शिकवावं लागत नाही. मी पहिल्याच घासाला ओळखलं होतं. तरी डबा संपवला, रस्सा भाकरीनं पुसून घेतला, आणि खाताना तुमची आठवण काढली. एवढं एक इथं कबूल करते. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, तुमच्या मुलाला तर नाहीच.

उद्या सकाळी वनखात्याची माणसं धनगराला घेऊन पुन्हा रानात येणार आहेत. पळसाच्या पानाचं आणि डब्याचं त्यांना मी सांगेन. मीही खाल्लंय, हे आधी सांगेन, म्हणजे कुलूप निघेल. त्यानंतर तुमच्या मुलाला गाडीत बसवतील असं दिसतं, आणि मला त्या गावात पाणीही कुणी विचारणार नाही. डबा घासून पिशवीत ठेवला आहे. आलेला डबा रिकामा परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, असं आई सांगायची. उद्या तो रिकामाच जाईल.