माझं दुसरं, पण पहिलं खरं लायसन

येलहंका, बेंगळूरू
९ फेब्रुवारी, सोमवार

तीर्थरूप दाजी,

साष्टांग नमस्कार. (आठही अंगं टेकवायचा विचार होता, पण गेल्या महिन्यात कंबर धरल्यापासून सहाच टेकतात. गोड मानून घ्या.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं आक्काकडून कळलं. आक्काचं बीपी, परसातला फणस आणि तुमचा राग हे तिन्ही कसे आहेत? पहिल्या दोघांचं आक्का फोनवर सविस्तर सांगते. तिसऱ्याचं विचारलं की 'आहे तसाच' म्हणते आणि विषय गवारीच्या भाजीवर नेते. ती माझी बहीण आधी आणि तुमची बायको नंतर, हे मी तिला सहा वर्षं पटवतोय, पण बाई पक्ष बदलायला तयार नाही.

अक्षर ओळखून पत्र लगेच फाडू नका. मी फोनच केला असता, पण माझा नंबर दिसला की तुम्ही फोन पालथा ठेवता, हीसुद्धा आक्काचीच बातमी. हे पत्र मी काही मागायला लिहीत नाही. सांगायला लिहितोय, आणि सांगायचं ते एकाच वाक्याचं आहे. पण ते वाक्य माझ्या घशात सहा वर्षं अडकलंय, म्हणून जरा लांबून वळसा घालून येतो. (तुम्ही आयुष्यभर चोर्ला घाटात बस चालवलीत, तुम्हाला वळणांचं काय!)

स्मृतीच्या लग्नातली गोष्ट आठवत असेलच. नसेल तर फारच बरं, पण असेल. तुम्ही मला दिलेली गाडी मांडवामागे लावताना मी ती मागे घेत घेत थेट आचाऱ्याच्या तंबूत घातली, बुंदीची परात आडवी झाली आणि वरमायेच्या शालूवर पाक उडाला. तेव्हा भर पंगतीत तुम्ही एवढंच विचारलंत, 'ह्याला लायसन कुणी दिलं?' एकतीस वर्षं घाटात सरकारी लाल बस चालवून एक ओरखडा न काढलेल्या माणसाने हे विचारावं, आणि तेही स्वतःच्या मुलीच्या लग्नात, यात गैर काही नव्हतं. पण मला झोंबलं. मी म्हणालो, 'लाल बस हाकणं म्हणजे विमान चालवणं नव्हे.' तुम्ही पान तसंच ठेवून उठलात. त्या दिवसापासून आपलं बोलणं बंद आहे, आणि आई (माझी आई म्हणजे तुमच्या सासूबाई ठकुबाई, वय वर्षं ऐंशी, श्रवणशक्ती सोयीनुसार) दर सणाला मला विचारते, 'जावयाशी बोललास का रे?'

दाजी, तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाच माहीत होतं. मला लायसन कुणीच दिलं नव्हतं. ते एका एजंटाने आणून दिलं होतं. बावीस वर्षांचा होतो, दोन फोटो आणि चार सह्या दिल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात मी कागदोपत्री निष्णात चालक झालो. लायसनवर परीक्षेची जी तारीख होती त्या दिवशी मी मामाच्या गावच्या जत्रेत पाळण्यात बसलो होतो. त्या वेळेपर्यंत मी चालवलेलं सर्वांत मोठं वाहन तेच, आणि तेही दुसराच कुणीतरी फिरवत होता. पुढे गाडी शिकलो ती इकडची तिकडची, जशी लोकं पोहायला शिकतात, म्हणजे ढकलल्यावर.

आता खरी हकिगत. गेल्या ऑक्टोबरात हेब्बाळच्या पुलाखाली पोलिसाने मला थांबवलं. हातातल्या यंत्रात नंबर घातला आणि अगदी अदबीने सांगितलं की सार, तुमचं लायसन संपून दोन वर्षं झाली. एक वर्षाच्या वर गेलं की नुसतं नूतनीकरण होत नाही, पुन्हा पहिलीपासून सुरुवात. मी म्हटलं, काही हरकत नाही, आपला कृष्णमूर्ती आहे. हा कृष्णमूर्ती म्हणजे पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या अख्ख्या कारखान्याचा एजंट. पंचवीस वर्षांचा अनुभव. परीक्षेच्या दिवशी दुबईत असलेल्या माणसाला त्याने इथलं लायसन काढून दिल्याचं लोक अजून अभिमानाने सांगतात. त्याच्याकडे गेलो, तर तो खिन्न चेहऱ्याने म्हणाला, 'आगल्ला सार, होत नाही आता. समोर माणूस असता तर मी बोललो असतो. आता खांब आहेत. खांबाशी काय बोलू?' आणि त्याने मला एका रिकाम्या प्लॉटवर नेलं. तिथे त्याने रंगाचे रिकामे डबे मांडून इंग्रजी आठचा आकडा केला होता आणि दोन बायका आणि एक निवृत्त मास्तर आळीपाळीने डबे उडवत होते. कृष्णमूर्ती आता शिकवतो! पंचवीस वर्षं लोकांना परीक्षेपासून वाचवणारा माणूस उन्हात उभा राहून 'क्लच, क्लच' म्हणून ओरडत होता. (स्वतःची परीक्षाही त्याने गेल्या वर्षी दिली. दुसऱ्या खेपेला पास.)

आधी लर्निंग लायसन. त्याची परीक्षा म्हणे घरी बसून कॉम्प्युटरवर, समोर कॅमेरा, मान हलवायची नाही. सातव्या प्रश्नाला आई मागून आली, पडद्यावर माझाच चेहरा बघून 'कोण रे हा, नागनाथासारखा दिसतो' म्हणाली, आणि कॅमेऱ्याला दोन चेहरे दिसल्यामुळे परीक्षा रद्द. दुसऱ्या वेळी आमच्या सौ. रंजिताने आईला देवळात नेलं आणि मी पास झालो.

मग खरी परीक्षा. दाजी, आता तिथे साहेब शेजारी बसत नाही. आखलेला रस्ता, दोन्ही बाजूंना खांब, त्यात कॅमेऱ्यांचे डोळे. चाक रेषेला लागलं की आतल्या खोलीत कळतं. तुम्हाला ठाऊक आहे, मी कारखान्यात माल तपासतो. केसाच्या विसाव्या भागाएवढी चूक दिसली तरी पोरांचा माल परत करतो आणि वर व्याख्यान देतो. असा मी पहिल्या दिवशी आठाच्या आकड्यात तीनदा रेषेवर गेलो. बाहेर आल्यावर तिथल्या इन्स्पेक्टर सुप्रीता मॅडमना म्हटलं, 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, मॅडम, थोडं अ‍ॅडजस्ट करा.' त्या हसून म्हणाल्या, 'मी केलं असतं हो, पण त्या खांबांना सवय नाही.' आणि त्यांनी मला पडद्यावर माझ्याच गाडीची वाट दाखवली. माझ्या वीस वर्षांच्या चालकपणाचा इतका स्वच्छ नकाशा मी कधी पाहिला नव्हता. कुणी ओरडलं नाही, कुणी चहापाण्याचं सुचवलं नाही. नुसता कागद हातात दिला : कुठे चुकलं, पुन्हा कधी या. इतकी वर्षं सरकारी कचेरीतून मी चिडून बाहेर पडायचो. त्या दिवशी शरमून बाहेर पडलो, आणि खरं सांगतो, ते बरं वाटलं.

दुसऱ्या खेपेला आठ जमला, पण चढावर गाडी थांबवून पुन्हा काढताना ती वीतभर मागे आली. नापास. तिसऱ्या खेपेला पुन्हा चढावर थांबलो. मागे आठ गाड्या रांगेत. आणि एकदम मला तुमची बस दिसली. मी कॉलेजात असताना एकदा तुमच्या मागच्या सीटवर बसून घाट चढलो होतो. अर्ध्या चढावर समोरून ट्रक आला, तुम्ही थांबलात, सगळी बस श्वास धरून बसली. तुम्ही क्लच इतका हळू सोडलात की बसच्या नाकाला आधी नुसता काटा आला, मग तुम्ही ब्रेक सोडलात आणि बस तांदळाच्या दाण्याएवढीही मागे न येता पुढे गेली. वर कंडक्टरला म्हणालात, 'घाई गाडीला नसते, बुडाला असते.' मी तेच केलं. बूड आवरलं, गाडीला काटा येऊ दिला, ब्रेक सोडला. वर पोचल्यावर पडद्यावर हिरवी अक्षरं आली आणि मी, चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. सुप्रीता मॅडमना वाटलं चक्कर आली.

लायसन आठव्या दिवशी पोस्टाने घरी आलं. इतकं सरळ आलं की मी घाबरून पाकीट उलटसुलट करून बघितलं, कुठे काही भरायचं राहिलंय का. मग पेढे घेऊन कचेरीत गेलो, तर दारावरचा माणूस म्हणाला, वेळ आधी ऑनलाइन घेतली आहे का, आणि कुठल्या कामासाठी. पेढे देणे ही सेवा यादीत नव्हती. शेवटी आम्ही दोघांनीच दोन-दोन खाल्ले.

तर दाजी, ते एक वाक्य. लग्नात तुम्ही विचारलंत ते बरोबर होतं, आणि मी बोललो ते वाईट होतं. बस चालवणं काय असतं ते मला आता चढावर कळलं. मला माफ करा. तुमच्याशिवाय सहा दिवाळ्या गेल्या, सातवी जाऊ नये असं फार वाटतं.

आक्काला नमस्कार. स्मृतीला आशीर्वाद, आणि तिच्या सासूबाईंच्या शालूबद्दल पुन्हा एकदा खेद.

तुमचा धाकटा मेहुणा,
नागनाथ

ता.क. काही मागायला लिहीत नाही असं वर म्हटलंय, ते पूर्ण खरं नाही. तुम्ही दिलेल्या गाडीला या महिनाअखेर पंधरा वर्षं होतात. नोंदणी पुन्हा करून घेतली नाही तर तिला मोडीत काढावी लागेल, आणि आईला गुडघ्यांच्या दवाखान्यात तीच नेते. आता, घरातल्या घरात नाव कशाला बदलायचं, म्हणून आपण तेव्हा कागद केलेच नव्हते. सरकारदरबारी मालक अजून शिवाप्पा म्हणजे तुम्हीच. कृष्णमूर्ती म्हणतो, जुन्या काळी त्याने तुमची अशी सही केली असती की तुम्हालाच ती आपली वाटली असती. आता अर्ज घरबसल्या भरता येतो, फक्त मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो आणि तो मालकानेच द्यावा लागतो. थोडक्यात, कारभार सुधारला नसता तर मी हे पत्र लिहिलंच नसतं. बसलो होतो ओटीपीसाठी. दुसऱ्या पानावर आल्यावर ओटीपी विसरलो, एवढं मात्र खरं.

ता.क. २. शुक्रवारी रंजिताने अर्ज भरून बघताना ते बटण चुकून दाबलं. तुम्हाला सहा आकडे आले असतील. ते चोराचे नव्हते, आमचेच होते. ओटीपी दहा मिनिटं जगतो आणि पत्राला चार दिवस लागतात, तेव्हा उलटटपाली आकडे पाठवू नका.

ता.क. ३. बुधवार. पाकीट चिकटवणार तोच तुमचा फोन आला. आक्काने तो मेसेज काल वाचून दाखवला म्हणे, आणि त्यातला गाडीचा नंबर ओळखून तुम्ही 'माझी गाडी कोण ढापतोय' हे विचारायला मला फोन लावलात. मी म्हटलं, 'मीच, नागनाथ.' या खेपेला तुम्ही फोन पालथा ठेवला नाहीत. मग मी सगळं सांगितलं, माफीचं सोडून, कारण ते तोंडाने येईना. नवा ओटीपी मागवतो म्हटलं तर तुम्ही खेकसलात, 'ओटीपी फोनवर कुणाला सांगायचा नसतो, बँकवाल्यांनी बजावलंय. मी स्वतः येतो.' म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. शुक्रवारी सकाळी यशवंतपूर स्टेशनाबाहेर गाडी उभी असेल आणि हे तुमच्या सीटवर असेल. तुमचं वाचून होईपर्यंत मी गाडी सुरू करणार नाही. झालं की तुमचा कंडक्टर म्हणायचा तसं नुसतं 'रैट' म्हणा, म्हणजे निघू.