चंपाबाईंची सवत

ती. चंद्रभागामावशीस,

धायरीहून सुखदेवचा सप्रेम जयभीम. आधी तुझ्या गुडघ्याचं कळव, माझं नंतर ऐक. शेजारच्या दीक्षाला सांग, सावकाश वाच आणि कंसातलं गाळू नकोस.

वाघोलीची नोकरी सुटल्यावर (म्हणजे मीच सोडली, सातवी, मोजत बसू नकोस) मी इथं रंगनाथशेठच्या ऑफिसात चिकटलो. जिथं त्यांचं शेत होतं तिथं आता चार इमारती आहेत. नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला घराण्याची वंशावळ फ्लेक्सवर छापून लावायची, ही त्यांची हौस. त्यांचा अमेरिकेतला मुलगा सुटीत इथल्याच कॉम्प्युटरवर ती भरून गेला होता. मी फक्त फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन कसबा पेठेतल्या छापणाऱ्याकडे पोचवायची. पण मला थांबणं कुठं जमतं? दिवा लुकलुकत असतानाच मी पेन ड्राइव्ह उपटला. तिकडं उघडला तर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. (कॉपी करायची ती फाइल मी कट करून नेलेली, म्हणजे ऑफिसातही काही उरलं नाही. आठवी नापास माणसाला दोन्हीतला फरक असाच कळतो.)

दुरुस्तीवाल्यानं एकशे बेचाळीस नावं परत काढली, पण जोडणाऱ्या रेघा गेल्या. शेठना सांगितलं, माणसं आलीत, नाती गेलीत. त्यांच्या बायको श्यामलाबाई आतून म्हणाल्या, "मग बरोबरच आलंय की!" शेठ हसले नाहीत. म्हणाले, "रविवारपर्यंत नीट झालं नाही, तर सोमवारी येऊ नकोस. आणि का बोलावलं नाही हे विचारायला मंगळवारी पण येऊ नकोस."

मग बसलो जोडत. नावापुढं नवऱ्याचं नाव शिल्लक होतं, त्यावरून धडाधड लग्नं लावली. ज्ञानदेव नावाच्या गृहस्थांना दोन बायका निघाल्या, कुसुम आणि चंपा. मी दोघी शेजारी-शेजारी बसवल्या आणि तपासायला शेठच्या म्हाताऱ्या आत्यांकडे कागद नेला. त्यांचंच नाव कुसुम. त्या ओरडल्या, "मेल्या, मला माझीच सवत केलीस!" त्यांना त्यांच्याच सख्ख्या आत्याच्या मुलाला, ज्ञानदेवांना दिलेलं, म्हणून त्या वंशावळीत दोनदा होत्या, लेक म्हणून चंपा, आणि लग्नात नाव बदलल्यावर सून म्हणून कुसुम. आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग त्या म्हणाल्या, "चंपा म्हण परत." मी म्हटलं. "अजून एकदा." पन्नास वर्षांत त्यांना त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. पुढच्या तीन दिवसांत सगळी नाती त्यांनीच मला जोडून दिली.

रविवारी फ्लेक्स लागला, पाहुणे खूश झाले. मी मजेत आहे, काळजी नसावी.

तुझा
सुखदेव

ता. क. नोकरी गेली. आत्या म्हणाल्या, माझं एकदाच लिही, आणि चंपाच लिही. मी लिहिलं. पाहुण्यांनी विचारलं ही चंपा कोण, आणि शेठना सांगता येईना. आत्या मात्र फ्लेक्सखाली खुर्ची टाकून जेवणं उठेपर्यंत बसून होत्या.

आणखी एक. आत्यांनी मला विचारलं होतं, तुझ्या आईचं माहेरचं नाव काय. मी सरस्वती म्हणालो. त्या म्हणाल्या, ते सासरचं झालं. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, बाबांनी कधी सांगितलं नाही. तू तिला लहानपणी काय म्हणून हाक मारायचीस? बाकी पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. तेवढं नाव दीक्षाकडून मोठ्या अक्षरात लिहून घे.