नऊ घरांचं आडनाव

चि. अनीश,

रविवार, १५ जून, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. तुमच्या अमेरिकेतल्या हर्नडनच्या हॉलमध्ये उर्वीच्या बारशात तू माईकवर सांगितलंस, "मुलीला क्लेअरचं आडनाव देतोय, थ्रॅपवेल. व्हेरी रेअर! इंग्लंडमधले पाणचक्कीवाले. आता जगात नऊच घरं उरलीत, वाचवायला हवं."

जरूर वाचव. क्लेअरवर माझा राग नाही. पण तिच्या पाणचक्क्या तोंडपाठ असणाऱ्या मुलाने आईचं माहेरचं आडनाव कधी विचारलं? आम्ही तिघी बहिणीच, मी धाकटी. लग्नात तुझ्या बाबांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने 'सुहासिनी' लिहिलं आणि शेवटची दळवटणेकर संपली. तेव्हा कुणी माईक घेतला नाही.

याआधी लिहिलेली दोन पत्रं न टाकता माझ्याच ड्रॉवरमध्ये राहिली. उर्वीचं मधलं नाव दळवटणेकर ठेवणार की नाही, ते तीस जूनच्या आत लेखी कळव. फोन उचलणार नाही.

तुझी आई,
आश्लेषा दळवटणेकर