वीस फुटी ट्राला

बाबा,

आपण शेवटी गाडी घेतली. आपण म्हणजे मी, तुमचे जावई आणि तुमचा नातू. तुम्ही गेलात तेव्हा हा पोट्टा शाळेतही जात नव्हता, तुमच्या खांद्यावर बसून तोंडानं हॉर्न वाजवायचा. आता त्याच्याजवळ मोठ्या गाडीचं लायसन आहे आणि भल्या मोठ्या मिशा आहेत. इतकी वर्षं आमच्या आरा मशीनवर कापायचं लाकूड भाड्याच्या ट्रकनं येत होतं. गाडीवाला आज येतो म्हणे आणि परवा उगवे, तोवर मशीन बंद आणि माणसं बिड्या फुकत बसलेली. शेवटी मीच म्हटलं, आपली गाडी आणा, नाही तर मशीन विकून संत्र्याचा ठेला लावा. माझी शाळा सगळी हिंदीत झाली, तरी तुमच्याशी हिंदीत बोलायचं म्हटलं तर जीभच वळत नाही. म्हणून मराठीत लिहून राहिली आहे. चुका असतील त्या पोटात घाला.

गाडी पाहायला नागपूरला निघालो तेव्हापासून मला आपला तो दिवस आठवून राहिला होता. तुम्ही ज्या शेठच्या गाडीवर ड्रायव्हर होता, त्यांनी तुम्हाला जुना ट्रक पाहायला असंच नागपूरला पाठवलं होतं. आई मामाकडे गेली होती, मला कुठं ठेवायचं, म्हणून सोबत घेतलं. सौंसरच्या स्टँडवरून बस धरली, माझ्या मांडीवर संत्र्याची पिशवी. तिथं पोचलो तर ट्रकवाला दार उघडूनच उभा. "बसा, चालवून पाहा." तुम्ही बसतच नाही. तुम्ही माझा हात धरून बॉनेटवर ठेवता आणि विचारता, "गरम हाये का थंडं?" मी म्हणते, गरम. तुम्ही त्या माणसाकडं पाहून गोड हसता. "मग आम्ही जेवून येतो भाऊ. तोवर निवू द्या तिले." बाहेर आल्यावर मला समजावून सांगितलं, की थंड गाडी एका चावीत चालू होते की नाही हेच तर पाहायचं असते, आणि यानं आपण यायच्या आधीच तापवून ठेवली. जेवून आलो तर तुम्ही सरळ गाडीखाली. बाकी सारी चेसिस मातीनं भरलेली, एकाच जागी नवा काळा रंग. "इथंच काऊन रंग लावला बापा?" तुम्ही नखानं खरवडलं तर खाली वेल्डिंग, म्हणजे तुटलेली चेसिस जोडलेली. ट्रक न घेताच आपण परत आलो, आणि बसमध्ये तुम्ही इतके खूश होता की कोणाला वाटलं असतं दोन ट्रक घेतले.

यावेळी मी तसंच केलं. वाहनबाजारात गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवला. तुमचे जावई लाजून इकडंतिकडं पाहत होते, जसं काही मी लग्नात नवरदेवाचा गाल तपासून राहिली आहे. मी म्हटलं, लाजा खुशाल, पण खाली वाकून पाहा तेवढं.

तुमच्याकडचं माझं बाकीचं शिक्षण तर चुलीपुढं झालं. तुम्ही पाट उलटा ठेवायचे, त्यावर पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्या रचायचे आणि मला म्हणायचे, ही आपली गाडी. सगळे बुंधे एका बाजूला ठेवले आणि पाट तिरपा केला की काड्या भाकरीच्या परातीत. मग एक बुंधा पुढं, एक मागं, मधात जाड, वर बारीक, सुतळीनं दोन ठिकाणी आवळून पुन्हा तिरपा. काडी हलत नसे. आई ओरडायची, "माही चूल विझून राहिली अन् तुमची गाडीच भरून नाही होत!" तुम्ही गुपचूप एक काडी काढून चुलीत घालायचे आणि मला डोळा मारायचे. एकदा मात्र तुम्ही मला रागावलात. लाकडाच्या डेपोतून आलेल्या भरल्या गाडीवर मी चढून बसली होती, पाय हलवत. तुम्ही आवाज न वाढवता खाली उतरवलं, आणि उतरल्यावर असा कान धरला की दोन दिवस वेणी घालताना दुखत होता. "बांधलेलं लाकूड बांधलेलंच राहीन याचा काही नेम नाही," म्हणालात. मग तुम्हीच संत्रं सोलून एकएक फोड भरवली. मी रडत रडत अख्खं संत्रं खाल्लं.

आणि एक गोष्ट मला माहीत आहे, हे तुम्हाला कधी कळलं नाही. एकदा सिल्लेवानीचा घाट उतरून तुम्ही घरी आलात तेव्हा केबिनची मागची काच फुटलेली होती. आईनं विचारलं तर म्हणालात, गिट्टीचा दगड लागला.  मी नेहमीसारखी केबिन झाडायला गेली, तर तुमच्या सीटवर काचेबरोबर सागाची साल पडलेली. दगडाला कुठली साल बाबा? ब्रेक मारल्यावर ओंडका पुढं सरकून तुमच्या डोक्यामागं येऊन थांबला होता. तुम्ही शेठला किती दिवसांपासून केबिनमागं लोखंडी गार्ड बसवा म्हणून सांगत होता, ते मी ऐकलेलं होतं. त्या दिवसापासून तुम्ही घाटात असलात की मला जेवण जात नसे. आता त्याच घाटात माझा पोरगा जाणार होता.

तर वाहनबाजारात घोडा पसंत पडला, म्हणजे पुढची ओढणारी गाडी. थंड होती, एका चावीत चालू झाली, खाली कुठं नवा रंग नाही. त्याच्यामागं जोडायचे ट्राले मात्र दोन होते. एक वीस फुटी आणि एक चाळीस फुटी. चाळीस फुटी जोडलेलाच होता, आणि पोट्टा तो पाहून असा उभा, जसं मुलगी पाहायला आला. "आई, निलगिरी न कापता अख्खी येईन. दोन खेपेचं काम एका खेपेत." तुमचे जावई हिशेबात पडले. मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "तूच सांग, ड्रायव्हरची पोरगी तू." मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, मले भेव लागते. वळणावर त्याची शेपूट कुठं जाईन ते दिसणार नाही. दोघंही हसले. पोट्टा म्हणाला, "काय आई, तुले तर मोटरसायकलवरबी भेव लागते. रस्ता किती रुंद झाला आता!" आणि तुमचे जावई त्या माणसाशी भाव करायला वळले.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "बाबा म्हणत, घाटात आपल्या आरशात मावन तेवढीच गाडी न्यायची."

बाबा, पोट्ट्यानं टोपी काढून हातात घेतली. जावई परत फिरले आणि म्हणाले, "मामाजी म्हणत होते तर मग विषयच संपला." वीस फुटी घेतला. पण तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हता. तुम्ही तर लोधीखेड्याच्या ढाब्यावर चहा थंड करून लांब ट्राल्याभोवती चक्कर मारणारे! "अशी एक गाडी हाती आली पाहिजे पोरी," हे तुम्ही म्हणाला होता, अन् तेही दहादा. माझ्या भेवाला कोणी विचारलं नाही, तुमच्या शब्दाला लगेच मान. राग आला मला. हसूही आलं.

मग महिनाभर सौंसरला वेल्डिंगवाल्याकडं मुक्काम. पोट्ट्याला आधी प्रेशर हॉर्न, निळे लाईट आणि आरशाला गोंडे पाहिजे होते. मी म्हटलं, आधी केबिनमागं गार्ड, तोही पातळ पट्टीचा नाही, जाड लोखंडी चॅनलचा. मग दोन्ही बाजूंनी ओंडके अडवायला लोखंडी खुंटे, मग आवळायच्या साखळ्या, सुतळी-दोर नाही. ट्राल्याचे ब्रेक उघडून लायनर नवे टाकले. वेल्डिंगवाला वैतागून म्हणाला, "बाई, लाकूड न्यायचं हाये का रणगाडा?" मी म्हटलं, पोरगा न्यायचा आहे. मग त्यानं गार्डच्या खालच्या कोपऱ्यात दोन जास्तीच्या पट्ट्या न सांगता मारून दिल्या. गोंडेही घेऊन दिले मी शेवटी, लाल आणि पिवळे.

आज पहिली भरती होती. घाटावरच्या डेपोतून साग. सकाळपासून मी तीनदा चहा मांडला आणि तीनदा उतू गेला. जावई मशीनवर उगाच रिकामा पट्टा पुसत बसले होते, म्हणजे भेव त्यांनाही लागतच होतं, फक्त कबूल कोण करते! मग फोन आला. "आई, घाट उतरलो. रामाकोन्यात चहा पिऊन राहिलो. आजोबाचं खरं होतं पाह्य, मागचं चाक पूर्ण आरशात दिसत होतं. मी क्लीनरलेबी सांगितलं, आमचे आजोबा असं म्हणत." मी म्हटलं, हो, म्हणतच होते. फोन ठेवून मी चुलीपाशी बसली आणि मनसोक्त रडली. तुमची आठवण आली म्हणून, आणि तो उतरला म्हणून.

त्याला खरं मी सांगणार नाही. तो आता ते वाक्य आपल्या पोरांना सांगेल, तुमच्या नावावर खपवेल, खपवू द्या. हा कागदही कुठं धाडायचा नाही, तेव्हा उरलेलं लिहूनच टाकते. त्या दिवशी वाहनबाजारात हे दोघं चहाला गेले तेव्हा मी चाळीस फुटी जोडलेल्या त्या घोड्यात चढून बसली होती. स्टिअरिंग धरलं. आरशात पाहिलं तर ट्राला मागं मागं जातच होता, संपतच नव्हता. मला खाली उतरूच वाटेना. तुम्ही मला गाडीतलं सारं शिकवलं बाबा, चालवायला तेवढं शिकवलं नाही. शिकवलं असतं आणि गाडी मला चालवायची असती, तर मी चाळीस फुटीच घेतला असता.