पान एकाहत्तरची सही

सौंदड, शुक्रवार

ती. उमेंद्रदादा यांना धाकट्या दुर्गेश्वरीचा नमस्कार.

ताजी बातमी आधी. माझ्या पुस्तकाची पानं लागली, मुखपृष्ठ झालं, आता एका सहीचा कागद तेवढा बाकी आहे. नागपूरच्या प्रकाशकांनी मंगळवारी सकाळी फोनवर हे सांगितलं आणि दुपारी मी पुन्हा फोन करून खात्री करून घेतली. (अठरा वर्षं पेपरला बातम्या पाठवते, सवय जात नाही.) कागदाचं पुढे लिहिते. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींनी दिलेला लेप लावता, की लावला म्हणून सांगता? कुडव्याहून दुकानात अजून मोटारसायकलनंच जाता का?

आम्ही बरे आहोत, पण वाट पाहण्याचं काम मला नवीन आहे. माझी बातमी संध्याकाळी जाते, सकाळी छापून येते आणि दुपारपर्यंत तिच्यात कोणीतरी भजी बांधून नेतं. पुस्तकाला मात्र चौदावा महिना चालू आहे. शेजारच्या सुशिलाबाई रोज नळावर विचारतात, "काऊन वो बाई, लेकरू बी नऊ महिन्यात होते, तुमचं का होऊन राहिलं?" काम चालू आहे, एवढंच मी सांगते. प्रकाशकही मला तेवढंच सांगतात.

आमच्या ह्यांचा उत्साह वेगळाच. शंभर प्रती ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी दिवाळीतच समोरच्या खोलीतले धानाचे भरलेले कट्टे पडवीत नेले. पुस्तकं आली नाहीत, उंदीर आले. आता कट्टे कुरतडलेले आणि खोली रिकामी, त्यामुळे येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं आम्ही घर विकून राहिलो.

मागच्या महिन्यात नागपूरहून एक खोकं आलं. कुरिअरवाल्यानं फोनवर "मॅडम, भारी है" म्हटलं आणि मी दारात येईपर्यंत चौकात कळलं होतं. बचतगटाच्या बाया हळदीकुंकू घेऊन आल्या, सरपंचांनी नारळ फोडला, मी दोन शब्द बोलले (तेरा मिनिटं). खोकं उघडलं तर आत मिक्सर. सुशिलाबाईंनी मागवला होता आणि नंबर माझा दिला होता. त्या म्हणाल्या, "पूजा झाली त बरंच झालं वो, आता चटणी बेस होईन." खोकं उचलून त्या निघूनही गेल्या.

त्या दिवशी ठरवलं, नुसतं वाट पाहायची नाही. तेव्हापासून रोज सकाळी दहाला प्रकाशकांना फोन करते. आता ते 'हॅलो'सुद्धा म्हणत नाहीत, थेट "अजून नाही, ताई" म्हणतात. पण काम हललं, हे खरं.

हे पत्र घेऊन धुरपता आत्या येते आहे. तिच्याजवळ लाखोळीची डाळ पाठवली आहे.

तुमची,
दुर्गेश्वरी

ता. क. – राहिलेली सही तुमची आहे. पुस्तकात ज्यांची खरी नावं आहेत त्या अकरा जणांची लेखी संमती लागते. दहा झाल्या. पान एकाहत्तरवर आपण मोहफुलं वेचायला गेलो तो दिवस आहे. तुम्ही झाडावर चढलात ते अस्वलाला भिऊन नव्हे, आपल्या गावच्या बकारामच्या काळ्या म्हशीला भिऊन, आणि तिला हाकललं मी, असं तिथे लिहिलं आहे. तीस वर्षं तुम्ही अस्वल सांगता आणि मी ऐकते. तुमच्या रेणूच्या लग्नात त्या अस्वलाला दोन पिल्लं झाली, तेव्हाही मी जेवत राहिले. प्रकाशक म्हणाले, म्हशीचं अस्वल करून टाका, म्हणजे भाऊ लगेच सही देतील. मी नाही म्हटलं. आणखी चौदा महिने लागले तरी ती म्हैसच राहील. (बकारामनं सही केली, आणि म्हशीचा अंगठा लागते का, असंही विचारलं.)

ता. क. २ – वहिनींची काळजी करू नका. त्यांना बकारामनं तुमच्या लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं. म्हणाल्या, "सांगू द्या ना बाई, तेवढाच त पराक्रम आहे त्याईचा."

ता. क. ३ – कागद आत्याच्या पिशवीत डाळीखाली आहे, पेनही आहे. तो सोमवारी नागपूरला पोचला तर बुधवारी छपाई सुरू होईल, असं प्रकाशकांनी सांगितलं आहे. आत्यानं सौंदडहून फक्त जाण्याचं तिकीट काढलं आहे, परतीचं तुमची सही झाल्यावर काढणार आहे.