मधोमध ठेवलेली बशी

सोलापूर, बुधवार, मार्गशीर्ष, सन १९२९

आज मी उपासाचं खोटं बोलले. जिभेवर आलं तरी कसं?

सिद्धेश्वराच्या दर्शनाहून परतताना भाऊजींनी हट्टानं हॉटेलात नेलं. माझे हे धाकटे दीर बोटीवरच्या नोकरीतून चार वर्षांनी घरी आले, तर समुद्र ओलांडला म्हणून सासूबाईंनी त्यांना पंगतीत घेतलं नाही. रोज ओसरीवर वेगळं ताट. वाढते मीच, तेही वरून.

भज्यांची एकच बशी मागवून त्यांनी ती दोघांच्या मधोमध ठेवली. म्हणाले, "घ्या की वहिनी. स्पेनच्या एका बंदरात संध्याकाळी सगळे असेच खातात. या दुकानातून त्या दुकानात हिंडायचं, एवढ्याएवढ्या बशा घ्यायच्या. एका बशीत चौघांचे हात. मला कुणी जात विचारली नाही, नुसतं घे म्हणाले."

"माझा उपास आहे."

"बुधवारी?"

मी खाली बघितलं. त्यांनी अर्धी भजी खाल्ली, अर्धी माझ्या बाजूला तशीच ठेवून उठले. एक उचललं असतं तर देव रागावला असता का? की मी सासूबाईंनाच भ्यायले? ती अर्धी बशी डोळ्यांपुढून हलत नाही.

उद्या ते मेलनं मुंबईला, तिथून बोटीवर. मघाशी विचारलं, "भाऊजी, वाटेसाठी दशम्या किती करू?"

हसून म्हणाले, "कशाला त्रास, वहिनी? मला बाहेरच्याचीच सवय झालीय आता."

पीठ मी आधीच दुधात भिजवलं होतं. तसंच झाकून ठेवलंय.