नातं नाही, असं लिहून द्या

जर्मनी, १२ जानेवारी २००९

तीर्थस्वरूप वीरभद्रप्पा मामांच्या पायांशी सिद्धलिंगाचा शरणार्थ.

इकडे मी ठीक आहे, म्हणजे अंगानं ठीक आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? मामींची साखर? दुकानासमोरच्या नालीचं काम झालं का, की गिऱ्हाइकं अजून फळीवरूनच आत येतात? पत्र अशासाठी लिहितोय की ई-मेल केली तर रामकिशन त्याच्या कॅफेत तिची प्रिंट काढतो आणि तुमच्या हाती पडेपर्यंत निम्म्या बीदरची ती वाचून झालेली असते. फोन केला तर तुम्ही 'जेवलास का' एवढंच विचारता आणि बाकीचं माझं न ऐकताच ठरवून टाकता. तेव्हा हे पत्र दुकानात उघडू नका. घरी, चष्मा लावून, शेवटपर्यंत वाचा. (शेवटपर्यंत म्हणजे सहीच्या खालचंसुद्धा.)

पोरगं दोन डिग्र्या घ्यायलंय असं तुम्ही आपल्या कोहिनूर गावभर सांगत सुटलात आणि एक जमत नसेल म्हणून दुसरी धरली असेल, असा गावानं अर्थ काढला, ते राहू द्या. खरी गोष्ट साधी आहे. दोन वर्षं गुलबर्ग्याला शिकलो, दोन वर्षं इथं, आणि शेवटी एकच प्रकल्प (माझा पंपाच्या पात्यांवर आहे) आणि त्याची एकच तोंडी परीक्षा. ती दोन्हीकडचे परीक्षक शेजारी बसून घेणार. पास झालो तर दोन्ही पदव्या, नाही तर एकही नाही. आपल्याकडचे परीक्षक म्हणजे ईरण्णा सर. पात्यांमधलं कळणारे आपल्या कॉलेजात तेवढे एकच, त्यामुळं त्यांच्या जागी दुसरं कुणी पाठवायची सोयही नाही.

तर सर नोव्हेंबरात आले. विद्यापीठानं त्यांच्यासाठी चांगलं हॉटेल सांगून ठेवलं होतं. सरांनी स्टेशनवरच मला विचारलं, "घरचं पोरगं हितं असताना मी लॉजवर कामून राहू? लोक काय म्हणतील?" आता इथं शेजारच्या खोलीतला माणूस दीड वर्षात मला एकदाही काही म्हणालेला नाही, मग कुठले लोक, हे मी विचारलं नाही. माझी खोली केवढी, तर तुमच्या दुकानात हरभऱ्याची पोती ठेवायची जागा आहे ना, तेवढी. सर पलंगावर, मी खाली, आणि आमच्या मधोमध सरांच्या घरून शरणम्मा आत्यांनी पाठवलेलं दहा किलो ज्वारीचं पीठ. सर पहाटे उठून इष्टलिंगाची पूजा करायचे आणि साडेपाचला भाकरी थापायला बसायचे. चौथ्या दिवशी खालच्या भाडेकऱ्यानं लेखी तक्रार केली की वरच्या मजल्यावर उजाडायच्या आत सुतारकाम चालतं. मी खाली जाऊन माफी मागितली, सोबत सरांनी बळेच दिलेली एक भाकरी नेली. तो माणूस ती दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभा होता.

हे सगळं मी सोसलं असतं. पण परीक्षेच्या दोन दिवस आधी एक फॉर्म आला. त्यात एक प्रश्न: परीक्षक आणि विद्यार्थी यांचं काही नातं आहे काय? असल्यास खुलासा करा. पुढं चार कोऱ्या ओळी. मामा, मी 'नाही' लिहायला पेन टेकवलंही होतं. पण सर समोर बसून माझ्याच ताटात शेंगाचटणी वाढत होते. त्यांच्यादेखत नातं नाही असं कुठल्या तोंडानं लिहू? ठाणाकुशनूरच्या एका जावळात कुणीतरी 'तुम्ही आमचे कोण' असं विचारलं, म्हणून तुम्ही स्वतः अकरा वर्षं त्या गावचं पाणी प्यायला नाहीत. त्याच घरात वाढलो मी. तरी मी थोडा थबकलो, तर सर म्हणाले, "खोटं कामून लिव्हायलास?" मग मी लिहिलं. सरांच्या पत्नी शरणम्मा या आमच्या कोहिनूरच्या लेक, सबब गावनात्यानं माझ्या आत्या, सबब सर माझे मामा. चार ओळी पुरल्या नाहीत, मागच्या बाजूलाही गेलो. सरांनी चष्मा लावून तपासलं आणि त्यांच्या चुलत साडूकडून असलेलं एक नातं मी विसरलो होतो, ते भरायला लावलं. स्वतःच्या फॉर्मवर त्यांनी लिहिलं, विद्यार्थी मला मुलासारखा आहे.

दुसऱ्या दिवशी परीक्षा थांबली आणि चौकशीला तीन जणांची समिती बसली. अध्यक्ष क्राउझे नावाच्या बाई. वाईट नाहीत, पण हसण्याचा खर्च जपून करतात. रक्ताचं नातं आहे का, असं त्यांनी विचारलं. सर नाही म्हणाले. मग लग्नाचं? नाही. मग हे दोन पानी काय आहे? यावर सर उठले आणि त्यांनी फळ्यावर कोहिनूर काढलं. आडवं बसवकल्याण, उभं गुलबर्गा, मधे बाणच बाण. समितीतले एक म्हातारे प्राध्यापक वहीत उतरवून घेऊ लागले. त्यांनी विचारलं, मग तुमच्या तालुक्यात तुमचा नातेवाईक नसलेला माणूस कोण? सरांनी प्रामाणिकपणे डोळे मिटून आठवून पाहिलं आणि वेळ मागून घेतला. शेवटी रंगात येऊन ते इंग्रजीवरून मराठीवर घसरले. मला म्हणाले, "मॅडमला सांग, परक्या माणसाला पोराची काय पडलीय? ते पास बी करंल, नापास बी करंल. आपला माणूसच खरं इचारतो."

मी भाषांतर केलं. (थोडं कमी करून.) बाईंनी ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं आणि तिथंच माझं गाडं अडलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की दुसऱ्या सहामाहीत याच सरांच्या घरी बसवजयंतीची गोड हुग्गी दोन वाट्या खाऊन आलो, आणि त्याच आठवड्यात त्यांनी मला दोन मार्कांनी नापास केलं. पण ते कुणी विचारलंच नाही. सर परत गेले. मी स्टेशनवरून खोलीवर आलो, उरलेल्या पिठाकडं बघितलं आणि मला रडू आलं, हे तुम्हाला सांगायला लाज वाटत नाही.

समितीचा निकाल असा. परीक्षा २४ फेब्रुवारीला, आणि सरच घेतील. पण त्याआधी माझ्या घरच्या वडीलधाऱ्यानं नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करून द्यावं, की परीक्षकाशी रक्ताचं किंवा लग्नाचं कोणतंही नातं नाही आणि तसं ठरण्याच्या बेतातही नाही. कागद नाही आला तर प्रकल्प रद्द, आणि ३१ मार्चला माझा व्हिसा संपतो. चार वर्षांचं पाणी होईल.

माझे अप्पा गेल्यापासून वडीलधारे तुम्हीच. म्हणून डिसेंबरात तुम्हाला फोन केला. काय मागितलं होतं मी? एक कागद. तुम्ही नोटरीकडं जायचं सोडून, असा कागद केल्याचं ईरण्णांना वाईट वाटेल म्हणून, मामींच्या हातच्या शेंगापोळ्या घेऊन त्यांची समजूत घालायला गुलबर्ग्याला गेलात. तिथं चहा झाला. चहा सरांच्या मुलीनं, सुधारानीनं आणला. आणि काल आईचं पत्र आलं. तिनं लिहिलंय, "मामा म्हणायलेत, नात्यावरनं एवढा घोळ व्हायलाय तर नातं पक्कंच करून टाकू. म्हणजे कुणी शंका काढणार न्हाई." मामा, माणूस बुडायलाय म्हटल्यावर तुम्ही त्याला पाण्याचा घडा नेऊन दिलात.

तरी हात जोडून सांगतो. सुपारी फोडू नका. कुंकू लावू नका. मठात जाऊन अय्यांना तारीख विचारू नका. उद्याच नोटरीकडं जा आणि ठणकावून लिहून द्या की ईरण्णा आमचे कुणी नव्हेत, आणि कुणी होणारही नाहीत.

आपला भाचा,
सिद्धलिंग

ता. क. 'कुणी होणारही नाहीत' एवढे शब्द गाळा. बाईंच्या कागदावर ते नाहीत, रागाच्या भरात माझ्याच हातून गेले.

ता. क. कागदावरची तारीख नीट बघून घाला. त्या दिवशी जे लिहाल ते त्या दिवशी खरं पाहिजे आणि २४ फेब्रुवारीपर्यंत खरं राहिलं पाहिजे. २५ तारखेबद्दल बाईंनी काही विचारलेलं नाही. ती बुधवारी येते.

ता. क. सर इथं असताना रोज घरून फोन यायचा. सर पूजेला बसलेले असले की तो मला घ्यावा लागे. तिकडून सुधारानी विचारायची, अप्पा भांडी घासतात का, की तुम्हालाच घासायला लावतात? सर गेल्यावरही तो फोन एकदा आला. आता भांडी कोण घासतं, असं विचारलं. आत्याची मुलगी आपल्यात चालते, हे मी आईकडून पक्कं करून घेतलं आहे.

ता. क. आईच्या पत्रात शेवटी असंही आहे की पुढच्या महिन्यात उदगीरचे पाहुणे सुधारानीला बघायला येणार आहेत. नोटरीचं काम झालं की तसेच उदगीरला जा आणि त्या पाहुण्यांच्या कानावर घाला की पोरगी आमच्या नात्यातली आहे. तोंडीच सांगा, लिहून देऊ नका.